तिसरी खुंटी

आमच्या कारखान्यात शिरलात की समोरच्या भिंतीवर तीन खुंट्या दिसतात. कारखाना आपलं म्हणायला. आहे एक लांबट खोली, वर माळा आणि मागे अंगण. आम्ही दांडे करतो. फावड्याचे, कुदळीचे, कुऱ्हाडीचे, हातोड्यांचे. आजोबांच्या वेळी इथे धनुष्यं व्हायची, नेमबाजांच्या क्लबांसाठी. मग फायबरची धनुष्यं आली आणि आमच्या लाकडाला कुणी विचारेना. दांड्यांना मात्र मरण नाही. माती खणायची कुणाला चुकली आहे?

पहिल्या खुंटीवर आजोबांनी केलेलं पहिलं धनुष्य आहे, दुसरीवर अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. या घरातला नियम असा, की ज्याने कच्च्या लाकडापासून आपलं पहिलं धनुष्य केलं त्याने स्वतः त्यातून बाण सोडायचा, आणि मग ते खुंटीवर चढवायचं. एकदा चढलं की ते उतरत नाही. तिसरी खुंटी बाब्यासाठी ठोकलेली. बाब्या माझा धाकटा भाऊ. तो पाळण्यात होता तेव्हाच ठोकली. मी खाली उभी राहून अप्पांच्या हातात हातोडी देत होते, हे मला चांगलं आठवतं.

बाब्या मोठा झाला, शिकला, दूरच्या शहरात नोकरीला लागला आणि खुंटी राहिली तशीच. लोक म्हणतात, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आमच्याकडे दोन्ही पोरं आपलीच, पण बाब्या एकच. कार्टं कोण ते तुम्हीच ओळखा. कार्ट्याने शाळा संपल्यापासून कारखाना ओढला. अप्पांची नजर आधी अंधूक झाली आणि मग गेलीच, तेव्हापासून तर सगळंच माझ्या गळ्यात आलं. गळ्यात आलं म्हणते, पण खोटं कशाला बोलू, मला हे काम आवडतं. माझा हट्ट एकच. दांडा जो वापरणार त्यानेच मापाला यायचं. मी त्याचा हात मापते, पंजा बघते, मगच लाकूड निवडते. अप्पा हसायचे. म्हणायचे, "दांडा विकतेस की सदरा शिवतेस?" हसू देत. माझा दांडा वापरून कुणाच्या हाताला फोड आल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

मला ती तिसरी खुंटी हवी होती. उगाच आडवळणाने कशाला सांगू. रोज सकाळी झाडू मारताना ती डोळ्यांसमोर यायची, आणि रोज मला वाटायचं, अरे, मी इथेच आहे की.

माळ्यावर तुतीचं एक लाकूड पडून होतं. बाब्याला मिसरूड फुटलं त्या साली अप्पांनी तुतीचं खोड आणून उभं फाडलं, त्यातला सगळ्यात सरळ भाग निवडला, चिरा पडू नयेत म्हणून दोन्ही टोकांना सरस फासला आणि वर ठेवून दिला. 'बाब्याचं लाकूड' हेच त्याचं नाव. दर सुट्टीला बाब्या यायचा, माळ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "पुढच्या खेपेला नक्की, अप्पा." आणि अप्पा मान डोलवायचे. पालथ्या घड्यावर पाणी, पण ओतणाऱ्याला कंटाळा नाही आणि घड्याला लाज नाही.

शेवटी आईच वैतागली. जेवताना म्हणाली, "लाकूड वाळलं, तुम्ही वाळलात. आता काय मी गेल्यावर करणार ते धनुष्य? डोळे गेले तुमचे, उद्या कान जातील. ही समोर बसलीय, हिला शिकवा की."

अप्पा घास गिळून पाणी प्याले. मग म्हणाले, "बाब्या येईपर्यंत हिला सुरुवात करू दे."

मी ते वाक्य ऐकलं आणि त्यातलं आपल्या सोयीचं तेवढं घेतलं. भुकेल्या माणसाला ताटात काय वाढलंय ते दिसत नाही, वाढलंय एवढंच दिसतं.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा खुर्ची घेऊन माझ्या बाकाशेजारी बसायला लागले. पहिलं काम साल काढायचं आणि सालीखालचं पांढरं लाकूड उतरवायचं. तुतीचं आतलं लाकूड पिवळंजर्द असतं, तापलं की आंबटगोड वास येतो. दोन मुठींची सुरी अंगाकडे ओढत ओढत पांढरं सगळं काढलं. मग खरी परीक्षा. झाड दर वर्षी एक थर चढवतं. धनुष्याच्या पाठीवर, म्हणजे निशाणाकडे तोंड करणाऱ्या बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच वर्षाचा थर राहिला पाहिजे. मध्ये कुठे सुरी खोल गेली आणि थर तुटला, की ताण त्या जागी येतो आणि लाकूड तिथून उकलतं.

"दोन थरांच्या मधे भुसभुशीत असतं," अप्पा म्हणाले. "सुरी तिथून गेली की कुरकुरते. कुरकुर थांबली की तूही थांब. खालचा थर लागला."

त्यांना दिसत नव्हतं, पण कान असे लावून बसायचे की माझी सुरी चुकली की माझ्याआधी त्यांना कळायचं. खालच्या बाजूला एक गाठ होती. तिथे माझा हात घसरला आणि थर कापला गेला. अप्पा म्हणाले, "गेला ना?" मी म्हटलं, "नखाएवढाच गेलाय." "नखाएवढं भोक पडलं तरी होडी बुडते. सगळा थर काढ. खालच्यावर ये."

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. खांदे भरून आले. आई चहा घेऊन आली, जमिनीवरच्या ढलप्यांचा ढीग बघून म्हणाली, "शिवधनुष्य उचललंयस खरं, पण शेवटी दात कोरायची काडी उरणार बहुतेक." मी हसले. खरं सांगू, मी त्या दिवसांत फार हसले. अप्पा माझ्याशी एवढं बोललेलेच नव्हते कधी. गाठीला कसा वळसा घालायचा, तिच्याभोवती थोडं लाकूड जास्त कसं ठेवायचं, लाकूड वाकडं गेलं तर आपणही त्याच्याबरोबर वाकडं कसं जायचं, सगळं सांगायचे. मुठीची जागा जाड, तिच्या वरचं पातं आणि खालचं पातं टोकाकडे निमुळतं. कानशीने घासायचं, पत्तीने खरवडायचं, टोक जमिनीला टेकवून दाबून बघायचं. हाताला जाणवतं, कुठे वाकतंय आणि कुठे हटून बसलंय.

मग भिंतीवरची फळी. ही उभी फळी आजोबांची. वरच्या टोकाला धनुष्याची मूठ बसवायची, धनुष्य आडवं राहतं. दोरी धरून खाली ओढायची आणि फळीच्या खाचेत अडकवायची. खाचा एकाखाली एक. पहिल्या दिवशी पहिली खाच. मग लांब उभं राहून बघायचं, दोन्ही पाती सारखी वाकतात का. जिथे वाकत नाही तिथे पोटाकडून, म्हणजे आपल्याकडच्या बाजूने, थोडं खरवडायचं. पुन्हा हळूहळू ओढायचं, सोडायचं, ओढायचं, सोडायचं. अप्पा दोन्ही तळवे पात्यांवरून फिरवायचे.

"लाकडाला शिकवावं लागतं," ते म्हणायचे. "आज जेवढं शिकलं त्याच्या पुढचं आज विचारायचं नाही. विचारलंस तर मोडेल."

"मोडलं तर कळतं कुठे चुकलं ते?"

"वाईट धनुष्य एका जागी मोडतं. जिथे तू पाप केलंस तिथेच. ते बोट दाखवतं." मग जरा थांबून म्हणाले, "चांगलं असलं, सगळीकडे सारखं असलं, आणि तरी त्याच्या ताकदीबाहेर ओढलं, तर त्याला कुठे मोडावं तेच कळत नाही. तुकडे तुकडे होतात. माझ्या वडिलांचं एक तसं मोडलं होतं. ते तुकडे गोळा करताना हसत होते."

शेवटची खाच कुठली, हे अप्पांनी बोटाने दाखवलं. तिच्याशेजारी डाग देऊन एक काळा ठिपका केलेला होता. "इथपर्यंत आणायचं," म्हणाले.

मी आणत होते. एकेक खाच खाली. एका दुपारी सहज म्हणून धनुष्य फळीवरून काढलं आणि स्वतः ओढून बघितलं, अगदी हलक्या हाताने, बाण लावून, ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. माझी ओढ तिथेच संपली. बाणावर खूण केली आणि फळीशी लावून बघितली. ठिपक्याच्या खाचेपासून चांगल्या दोन खाचा वर. माझे हात आखूड आहेत, आईसारखे. अप्पांचेही काही फार लांब नाहीत. मग हा ठिपका कुणाचा?

आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. विचारलं. ती देठ मोडत म्हणाली, "तो होय. बाब्याला फळीशेजारी उभं करून घेतलं होतं माप. लाकूड माळ्यावर टाकलं त्याच आठवड्यात. बाब्याचे हात लांब ना. तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. मी परत बाकाशी आले आणि ते धनुष्य हातात घेऊन उभी राहिले. आयुष्यभर येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं, दांडा कोण वापरणार, हात दाखवा. आणि स्वतःच्या कामात एकदाही विचारलं नाही. मला राग आला.

"अप्पा, हे माप बाब्याचं आहे."

"माप मोठं असलं तर काय बिघडलं? लहान माणसालाही चालतं."

"नाही चालत. तिथपर्यंत न्यायचं तर अजून बारीक करावं लागेल. माझ्या हातात मग त्याची काठी होईल, जोरच राहणार नाही. आणि मी ओढलं तर मी माझ्याच मापाने ओढणार ना?"

अप्पा मांडीवरचा भुसा झटकत राहिले.

"मी माझ्या खाचेवर थांबतेय," मी म्हटलं. "ऐकताय ना? ठिपक्याच्या वर दोन खाचा. त्याच्या पुढे हे लाकूड शिकलेलं नाही आणि मी शिकवणार नाही."

"ऐकलं. बहिरा नाही झालो अजून." आणि मग, "कर तुझ्या मनासारखं. नाहीतरी करतेसच."

मी केलं. शेवटचे दिवस नुसतं पत्तीने खरवडणं, धुळीसारखा भुसा पडायचा. टोकांना दोरीची खोबण कोरली, तेल चोपडलं. दोरी चढवून अप्पांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत बोटं नेली, परत आणली. गाठीवर अंगठा फिरवला. दोरी थोडी ओढून कानाजवळ धरली.

"सारखं आहे," म्हणाले.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण आमच्या कारखान्यात 'सारखं आहे' याच्या वर शब्द नाही. आजोबांनी तो अप्पांना एकदाच दिला होता, असं अप्पाच सांगायचे. मी म्हटलं, "मग अंगणात जाऊ? बाण सोडते आणि चढवते खुंटीवर."

"थांब जरा. बाब्या येतोय शनिवारी."

"त्याचा काय संबंध? ज्याने केलं त्याने सोडायचा. नियम आहे."

"नियम मला शिकवू नकोस," अप्पा म्हणाले आणि धनुष्याची दोरी स्वतः चाचपून उतरवली.

थांबले. तुम्ही म्हणाल, का थांबलीस, तेव्हाच सोडायचास की बाण. माझं उत्तर एवढंच, की नुकतंच 'सारखं आहे' ऐकलेलं होतं. त्याच्या जोरावर मी आणखी वर्षभर थांबले असते.

शनिवारी बाब्या आला. हसतमुख, हातात खाऊ, आईला मिठी, अप्पांना वाकून नमस्कार, मला "ताई, बारीक झालीस" म्हणून टपली. बाब्याचा राग धरणं फार अवघड आहे हो. तो वाईट नाही. त्याच्या ताटात लोक वाढत जातात आणि तो खात जातो, एवढंच.

धनुष्य बघून तो खरोखर हरखला. "ताई, हे तू केलंस? एकटीने?" त्याने ते उलटसुलट करून बघितलं, बोटाने गाठ चाचपली. "बाप रे. मला नसतं जमलं."

"जमलं असतं," अप्पा खुर्चीतून म्हणाले. "हात माझाच आहे तुझ्यात."

अंगणात भिंतीशी भुश्याने भरलेलं पोतं लावलं होतं. मी दोरी चढवली. अप्पांची खुर्ची दाराशी आणली. आई ओट्यावर. मी बाण उचलला, त्याला लाल दोरा बांधलेला होता. माझी ओढ जिथे संपते तिथे. आणि अप्पा म्हणाले, "बाब्याकडे दे."

मी म्हटलं, "अप्पा."

"दे म्हटलं ना. त्याचं लाकूड आहे. पहिला बाण त्याच्या हातून सुटू दे, मग तू सोड शंभर."

आई म्हणाली, "अहो, तिने केलंय." अप्पांनी हात हलवला, माशी वारतात तसा. बाब्या माझ्याकडे बघत होता, ओशाळून. "ताई, तू सोड ना," तो हळूच म्हणाला. पण अप्पांना ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाला नाही.

मी धनुष्य त्याच्या हातात दिलं. बाण लावून दिला आणि त्याला ऐकू जाईल, अप्पांना ऐकू जाईल, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हा लाल दोरा मुठीपाशी आला की थांबायचं. तुझे हात लांब आहेत, दोरी छातीपुढेच राहील. तिथूनच सोड. त्याच्या पुढे हे धनुष्य गेलेलं नाही."

"कळलं," बाब्या म्हणाला. त्याने ओढलं. शहाण्यासारखं, हळूहळू. दोरा मुठीपाशी आला आणि तो थांबला. काय सुंदर वाकलं होतं ते. दोन्ही पाती सारखी, कुठे कोन नाही, कुठे ताठ नाही. मी ते तेवढं बघून घेतलं, हे बरं झालं.

"थांबलास का?" अप्पा म्हणाले.

"ताई म्हणते इथपर्यंतच."

"अर्ध्यात आहेस अजून. मला ऐकू येतंय. पुरं ओढ."

"ओढू नकोस," मी म्हटलं.

"बाब्या, पुरं ओढ. तुझं माप मी घेतलंय. गालाशी आण."

बाब्याने माझ्याकडे बघितलं, अप्पांकडे बघितलं. तो लहानपणापासून असाच हसतो, दोन माणसांच्या मधे सापडला की. हसला आणि ओढलं.

आवाज मोठा झाला. बाण कुठेतरी ओट्याखाली गेला, बाब्याच्या हातात मूठ तेवढी राहिली आणि त्याच्या गालावर एक बारीक रेघ उठली, तिच्यातून रक्त आलं. वरच्या पात्याचे दोन तुकडे अंगणात पडले होते. खालचं अख्खं निघून भिंतीशी जाऊन पडलं.

अप्पा अर्धे उठले होते. "बाब्या, लागलं का? बाब्या?"

"नाही अप्पा. खरचटलंय."

"डोळा बघ, डोळा ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

मी तुकडे गोळा केले, बाब्याच्या हातातली मूठसुद्धा घेतली. चार झाले. बाब्याच्या हातातली मूठसुद्धा घेतली. मला हसायला आलं नाही, आजोबांचं आजोबांना ठाऊक. ते सगळे अप्पांच्या मांडीवर ठेवले आणि समोर उभी राहिले. अप्पांनी एकेक तुकडा उचलला. प्रत्येक तुटलेल्या टोकावरून बोट फिरवलं. त्यांचं बोट थांबलं, परत फिरलं. त्यांना कळलं. ज्या माणसाने मला ते शिकवलं त्याला कळणार नाही होय? हातच्या काकणाला आरसा कशाला.

"गाठीपाशी कच्चं राहिलं असणार," अप्पा म्हणाले.

"गाठीपाशी मोडलेलंच नाही. हा बघा गाठीचा तुकडा, हात लावा. अख्खा आहे."

त्यांनी हात लावला. अंगठा गाठीवर ठेवला आणि तसाच ठेवून बसले.

"तुकडे किती आहेत, अप्पा?"

"जुनं लाकूड," ते म्हणाले. "वाळून गेलेलं. आत चला, त्याच्या गालाला काहीतरी लावा."

संध्याकाळी बाब्या कारखान्यात आला. गालावर पट्टी. मी दांडे घासत होते, वर बघितलं नाही. तो म्हणाला, "ताई, मला ते कधीच नको होतं गं. लहानपणापासून नको होतं. ती खुंटी दिसली की मान फिरवायचो मी."

"मग सांग अप्पांना."

"तूच सांग ना," बाब्या म्हणाला. मी हातातली कानस खाली ठेवली आणि त्याच्याकडे बघितलं, तेव्हा तो निमूट आत गेला. रविवारी दुपारी निघूनही गेला. जाताना अप्पांना काय म्हणाला असेल? "पुढच्या खेपेला नक्की."

सोमवारी सकाळी मी कारखाना उघडला, झाडू हातात घेतला आणि समोर बघितलं. तिसऱ्या खुंटीवर ते चार तुकडे टांगलेले होते. त्याच धनुष्याच्या दोरीने नीट एकत्र बांधून, मूठ मधे, पाती दोन बाजूंना. दोरीची गाठ अप्पांची होती, ती मला हजारांत ओळखू येते. माझ्याआधी उठून, भिंत चाचपत चाचपत येऊन, त्या डोळे नसलेल्या माणसाने ते चढवलं होतं.

मी तिथेच खाली बसले आणि रडले. आनंदाने रडले, सांगायला लाज कसली? मला वाटलं, तोंडाने बोलायचं जमत नाही या माणसाला, हाताने बोलला. थोड्या वेळाने अप्पा आले. त्यांना चहा करून दिला, साखर जास्त घातली. त्यांनी पिऊन कप पुढे केला. मला वाटलं, एवढं पुरे. मोडकं तर मोडकं, पण चढलंय. आता उतरत नाही.

दहाच्या सुमाराला बागेचा माळी आला, जुनं गिऱ्हाईक. फावड्याचा दांडा हवा होता. मी आतल्या बाकावर रंधा मारत होते, म्हटलं, बसा, हातातलं संपवून येते. तो अप्पांशेजारी बसला. इकडे तिकडे बघत त्याने विचारलं, "तिसरी खुंटी भरली वाटतं. पण हे काय, मोडकं टांगलंय? कुणाचं?"

माझा रंधा चालूच होता. त्याचा आवाज अप्पांना ऐकू येत होता. मी कुठे आहे ते त्यांना नीट माहीत होतं.

"आमच्या बाब्याचं," अप्पा म्हणाले. "पहिलंच. शनिवारी आला होता ना, तेव्हा बाण सोडताना मोडलं."

"अरेरे."

"अरेरे नाही. तुकडे बघा. चार. एका जागी नाही मोडलं. सगळीकडे सारखं असल्याशिवाय असं मोडत नाही धनुष्य. माझ्या वडिलांचं तसं मोडलं होतं." आणि त्यांचा आवाज असा भरून आला, जसा मी आयुष्यात ऐकला नव्हता. "हात आहे पोराचा."

मी रंधा खाली ठेवला. स्टूल घेतलं, भिंतीशी नेलं, चढले आणि खुंटीवरून तुकडे उतरवले. माळी बघत राहिला. सरसाचं भांडं शेगडीवर होतंच, खाली निखारे होते. दोरी सोडली आणि एकेक तुकडा आत सरकवला. वाळलेलं लाकूड, तेल चोपडलेलं, लगेच पेटलं.

तुतीचा वास खोलीभर झाला. अप्पांनी मान वर केली. नाकपुड्या हलल्या.

"काय घातलंस शेगडीत?" त्यांनी विचारलं.

"बाब्याचं धनुष्य," मी म्हटलं. "फोन करून कळवा त्याला, जळालं म्हणून."

अप्पा उठायला गेले, हात पुढे केला, आणि कुठे धरावं ते न कळून परत बसले. मी शेगडीचं दार लावलं, हात पुसले आणि मोजायची पट्टी घेऊन गिऱ्हाइकासमोर गेले.

"फावडं कोण वापरणार?" मी विचारलं.

"मीच की," तो चाचरत म्हणाला.

"मग हात पुढे करा."